‘फोकलोर’ या इंग्रजी शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी बातमीत, प्रवासवर्णनात, क्रिकेटच्या समालोचनात, एखाद्या मालिकेच्या ओळखीत, मुलांच्या शाळेच्या प्रोजेक्टमध्ये हा शब्द सारखा भेटतो. शब्दकोशात ‘लोकसाहित्य’ किंवा ‘लोककथा’ असा अर्थ मिळतो. तो घेऊन वाक्याकडे परत यावं, तर पुष्कळदा वाक्य लागत नाही. क्रिकेटपटूची खेळी ‘लोककथेत गेली’ म्हणजे काय? दवाखान्यातल्या परिचारिकांचं ‘लोकसाहित्य’ कुठलं? विद्यार्थी, शिक्षक आणि भाषांतर करणारे मित्र विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं दोन ओळींची आहेत, काही लांबली आहेत, कारण त्या शब्दामागे माणसं आहेत आणि त्यांच्याबद्दल घाईने लिहिणं मला जमत नाही.

फोकलोर म्हणजे नेमकं काय?

एखाद्या समूहातली माणसं एकमेकांना सांगून, गाऊन, करून दाखवून जे पुढे देत राहतात, ते फोकलोर. त्यात गोष्टी आणि गाणी येतात, तशाच म्हणी, उखाणे, कोडी, मुलांचे खेळताना म्हणायचे बोल, सणावाराच्या रीती, शकुन-अपशकुन, घरगुती औषधं, भुताखेतांच्या हकिकती, एकमेकांना सांगायचे विनोद, रांगोळी काढायची पद्धतही येते. मराठीत ‘साहित्य’ म्हटलं की आपण शब्दांपाशी थांबतो. इंग्रजी शब्द शब्दांपाशी थांबत नाही.

ओळखायच्या खुणा तीन. पहिली, ती गोष्ट पाठ्यपुस्तकातून किंवा सरकारी आदेशाने न येता माणसाकडून माणसाकडे येते. दुसरी, तिची अनेक रूपं असतात. तिसरी, ती कुणा एकाच्या मालकीची नसते.

चिऊ-काऊची गोष्ट घ्या. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं, हे आपल्याला कुणी ना कुणी सांगितलेलं असतं; कुणी लिहिलं हे आपण कधी विचारत नाही. एका घरात चिऊताई ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते’ म्हणते, दुसऱ्या घरात ‘तीट लावते’ म्हणते. कुठे कावळा तापलेल्या तव्यावर बसून पोळतो, कुठे त्याला दार उघडून आत घेतात. यातलं कुठलं खरं, हा प्रश्नच इथे लागू होत नाही. सगळीच खरी. रूपं बदलत राहणं हाच या गोष्टीचा जिवंतपणा.

या तीन खुणांमध्ये ‘जुनी’ आणि ‘खोटी’ हे दोन शब्द आले नाहीत, तेवढं लक्षात ठेवा. पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात.

उच्चार कसा करायचा?

‘फोक-लोर’. पहिल्या भागातला ‘ल’ लिहिला जातो, उच्चारला जात नाही. ‘टॉक’ आणि ‘वॉक’मध्ये तो गप्प असतो, तसाच. जोर पहिल्या भागावर. शेवटचा ‘र’ अमेरिकेत नीट ऐकू येतो, इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात जवळजवळ नाहीसा होतो. ‘फोल्कलोर’ असं म्हटलं तरी समोरच्याला कळतं, पण सवय लावायचीच तर बरोबर उच्चाराची लावावी.

हा शब्द कुणी आणि कधी घडवला?

बहुतेक इंग्रजी शब्दांचा जन्म धुक्यात असतो. याची मात्र तारीख सांगता येते. लंडनच्या ‘अथेनियम’ या साप्ताहिकात २२ ऑगस्ट १८४६ रोजी एक पत्र छापून आलं. खाली सही होती अ‍ॅम्ब्रोझ मर्टन. हे टोपणनाव, खरा लेखक विल्यम जॉन थॉम्स, जुन्या गोष्टींचा नाद असलेला लंडनचा एक अभ्यासक.

त्या काळी इंग्लंडमध्ये लोकांच्या जुन्या चालीरीतींना ‘पॉप्युलर अँटिक्विटीज’ असं भारदस्त, लॅटिन वळणाचं नाव होतं. थॉम्सना ते पटत नव्हतं. त्यांनी सुचवलं की अस्सल सॅक्सन, म्हणजे जुन्या इंग्रजी वळणाचा एक जोडशब्द वापरू या, ‘फोक-लोर’. त्यात काय काय धरायचं तेही त्यांनी सांगून टाकलं: जुन्या काळच्या रीती, चाली, विधी, समजुती, पोवाड्यांसारखी कथागीतं, म्हणी वगैरे. आणि पत्रात स्पष्ट लिहिलं की हा शब्द या देशाच्या साहित्यात आणण्याचा मान माझा आहे, हे विसरू नका.

त्यांच्यापुढे आदर्श होता जर्मनीतल्या लोककथा आणि समजुती जमवणाऱ्या याकोब ग्रिम यांच्या कामाचा. आपल्याकडच्याही अशा बारीकसारीक गोष्टी कुणीतरी जमवाव्यात, नाहीतर त्या नाहीशा होतील, ही त्यांची कळकळ होती. नमुना म्हणून त्यांनी कोकिळेचा एक खेळ सांगितला. यॉर्कशायरमध्ये मुलं चेरीच्या झाडाभोवती फेर धरून कोकिळेला विचारायची, खाली ये आणि सांग, मी किती वर्षं जगणार? मग प्रत्येक मूल झाड हलवायचं. जितकी चेरी पडतील तितकं आयुष्य. एवढीशी गोष्ट, पण जर्मन समजुतींमध्येही कोकिळा आयुष्य सांगणारी असते, आणि दोन्ही शेजारी ठेवल्या की काहीतरी उलगडतं, असं त्यांचं म्हणणं. एका अभ्यासशाखेची सुरुवात मुलांच्या खेळापाशी होते, हे मला फार मोलाचं वाटतं.

१८४९ मध्ये थॉम्सनी ‘नोट्स अँड क्वेरीज’ हे नियतकालिक सुरू केलं. गावोगावचे वाचक त्यात आपल्या भागातल्या समजुती, गाणी, शब्द लिहून पाठवत आणि एकमेकांच्या शंकांना उत्तरं देत. १८७८ मध्ये लंडनला फोकलोर सोसायटी उभी राहिली, १८८८ मध्ये अमेरिकेत तशीच संस्था निघाली. पुढे फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, रशियन या भाषांनी हा शब्द थोडाफार वळवून घेतला. जर्मनांकडे स्वतःचा ‘फोल्क्सकुंडे’ होता, तोच ते बराच काळ वापरत राहिले. ब्राझीलमध्ये २२ ऑगस्ट हा दिवस आजही फोकलोरचा दिवस म्हणून पाळतात. पत्र छापल्याचीच ती तारीख.

‘फोक’ आणि ‘लोर’ यांचे सुटे अर्थ काय?

‘फोक’ म्हणजे लोक. दोन्ही शब्द कानाला जवळचे वाटले तरी त्यांचं मूळ एक नाही. ‘फोक’चा सख्खा भाऊ जर्मन ‘फोल्क’. ‘लोर’ जुन्या इंग्रजीत ‘शिकवण’ या अर्थाचा होता आणि ‘लर्न’शी त्याचं नातं आहे. म्हणून ‘लोर’मध्ये नुसती माहिती येत नाही, कुणीतरी कुणाला तरी शिकवलेलं येतं. इंग्रजीत ‘हर्ब लोर’ म्हणजे वनस्पतींची परंपरेने चालत आलेली जाण, ‘वेदर लोर’ म्हणजे हवामानाचे आडाखे. मृगाच्या वाहनावरून पावसाचा अंदाज बांधणं याला इंग्रजीत ‘वेदर लोर’ म्हणता येईल.

मुलं गेमबद्दल बोलताना ‘लोर’ म्हणतात. ते हेच का?

शब्द तोच, वापर वेगळा. व्हिडिओ गेममधल्या जगाचा पूर्वेतिहास, तिथली राज्यं, घराणी, युद्धं याला खेळणारे ‘लोर’ म्हणतात. हल्ली तर एखाद्या मैत्रिणीची जुनी भानगड कळली की ‘तिचं लोर’ असंही म्हणतात. गेममधलं लोर कंपनीच्या पगारी लेखकांनी लिहिलेलं असतं, त्याची एक अधिकृत आवृत्ती असते, म्हणून ते फोकलोर नव्हे.

पण सीमा कधी कधी ओलांडली जाते. २००९ मध्ये इंटरनेटवर एका माणसाने ‘स्लेंडर मॅन’ नावाचं भूत कल्पून त्याची दोन बनावट छायाचित्रं टाकली. इतरांनी त्याला आपापल्या गोष्टी जोडल्या, रूप बदललं, सवयी बदलल्या आणि थोड्याच काळात मूळ निर्मात्याचं नाव माहीत नसलेली मुलं ते भूत एकमेकांना सांगू लागली. जन्म लिखित, वाढ मात्र तोंडोतोंडी. अभ्यासक आज अशा उदाहरणांना गंभीरपणे घेतात, आणि घ्यायलाच हवं.

मिथ, लेजंड, फोकटेल आणि फोकलोर यांत फरक काय?

फोकलोर हे मोठं नाव. बाकीचे तिन्ही त्याच्या पोटातले प्रकार. अमेरिकन अभ्यासक विल्यम बॅस्कम यांनी १९६५ मध्ये केलेली विभागणी अजूनही शिकवली जाते आणि कामालाही येते.

‘मिथ’ म्हणजे जग, माणूस, मृत्यू, देव यांच्या आरंभाची, त्या समाजात पवित्र मानली जाणारी आणि खरी मानली जाणारी कथा. मराठीत जवळचा शब्द पुराणकथा किंवा दैवतकथा. ‘लेजंड’ आपल्या ओळखीच्या जगात, ओळखीच्या ठिकाणी, बहुधा माणसांच्या बाबतीत घडते. सांगणारा ती घडली असं मानून सांगतो. आपली आख्यायिका किंवा दंतकथा. रॉबिन हूड ही लेजंड आहे. रायगडाच्या कड्यावरून रात्री बाळासाठी उतरलेली हिरकणी हीही लेजंड आहे. कडा दाखवता येतो, बुरूज दाखवता येतो, काळ शिवाजी महाराजांचा, आणि सांगणाऱ्याच्या आवाजात ‘हे असं झालं’ असतं. ‘फोकटेल’ मात्र गोष्ट म्हणूनच सांगतात आणि गोष्ट म्हणूनच ऐकतात. आटपाट नगर होतं, म्हटल्याबरोबर ते नगर नकाशावर कुठे असं कुणी विचारत नाही.

हे कप्पे पक्के मानू नयेत. एका समाजाची पवित्र कथा दुसऱ्या समाजात मुलांना झोपवायची गोष्ट होऊन बसते. आणि एक व्यवहारातला इशारा: बोलीभाषेतल्या इंग्रजीत ‘मिथ’चा अर्थ ‘चुकीचा समज’ असाही होतो. त्यामुळे एखाद्या समाजाच्या श्रद्धेविषयी सर्वसाधारण वाचकासाठी लिहिताना ‘मिथ’ शब्द टाकण्याआधी थांबा. वाचणाऱ्याला तो अपमान वाटू शकतो.

‘दॅट्स जस्ट फोकलोर’ असं म्हणतात. मग फोकलोर म्हणजे खोटं किंवा अंधश्रद्धा का?

त्या वाक्यात बोलणाऱ्याला तेच म्हणायचं असतं, हे खरं. ‘त्यात काही तथ्य नाही, लोक आपलं बोलतात’ असा तो अर्थ आहे आणि शब्दकोशही तो नोंदवतात. पण तो दुय्यम अर्थ. मुख्य अर्थाने फोकलोर खरं की खोटं हे ठरलेलं नसतं. एखादी गोष्ट माणसांतून कशी फिरते एवढंच तो शब्द सांगतो.

विल्यम विदरिंग नावाच्या इंग्रज डॉक्टरांचं उदाहरण यासाठी मी नेहमी देतो. १७७५ मध्ये ड्रॉप्सीवरच्या, म्हणजे अंगात पाणी साठून येणाऱ्या सुजेवरच्या, एका घरगुती औषधाबद्दल त्यांचं मत विचारण्यात आलं. ते औषध श्रॉपशायरमधली एक म्हातारी बाई गुप्त ठेवून देत असे आणि डॉक्टरांनी हात टेकलेले रोगीही त्याने बरे होत असत. त्यात वीसेक वनस्पती होत्या. खरं काम करणारी फॉक्सग्लव्ह आहे हे विदरिंगनी ताडलं, दहा वर्षं रोग्यांवर तपासलं आणि १७८५ मध्ये मात्रेसकट छापलं. हृदयविकारावरचं डिगॉक्सिन हे औषध याच फॉक्सग्लव्हच्या कुळातून आलं. म्हातारीचं औषध हे फोकलोर होतं, आणि त्यात तथ्य होतं. त्याच वेळी हेही सांगायला हवं की फॉक्सग्लव्ह विषारी आहे आणि मात्रा थोडी चुकली तरी जीव जातो. परंपरेत आहे म्हणून घरी प्रयोग करू नयेत. विदरिंगचं नाव वैद्यकाच्या इतिहासात राहिलं. त्या बाईचं नाव त्यांनी नोंदवलेलं नाही.

‘सुपरस्टिशन’ हा शब्द वेगळा. तो निवाडा करतो, समोरच्याची समजूत चुकीची ठरवतो. मांजर आडवं गेलं म्हणून परत फिरणं, याचा अभ्यासक फोकलोर म्हणून नोंद करील. ते करावं की नाही, हा निराळा वाद.

एखादी घटना ‘पासेस इंटु फोकलोर’ म्हणजे काय होतं?

क्रीडाबातम्यांत हे वारंवार येतं. अर्थ असा की घडलेली गोष्ट आता लोकांच्या सांगण्यात शिरली आणि लोक ती आपल्या परीने सांगू लागले.

१४ ऑगस्ट १९४८, ओव्हल. डॉन ब्रॅडमन शेवटच्या कसोटीत फलंदाजीला आले. सरासरी शंभर व्हायला चार धावा पुरल्या असत्या. एरिक हॉलिसनी त्यांना दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर त्रिफळाचित केलं आणि सरासरी ९९.९४ वर थांबली. हे सगळं धावफलकात आहे, हा इतिहास. पण प्रेक्षकांनी आणि इंग्लंडच्या खेळाडूंनी दिलेल्या मानवंदनेने ब्रॅडमनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि म्हणून चेंडू दिसला नाही, ही हकिकत क्रिकेटच्या फोकलोरमधली. ब्रॅडमननी स्वतः ती नाकारली होती. तरी ती टिकली, कारण एवढा मोठा खेळाडू शून्यावर का जातो याचं माणसाच्या मनाला पटेल असं उत्तर आकडे देत नाहीत.

इथे भाषांतर करताना ‘लोकसाहित्यात गेली’ असं लिहू नका. ‘ती खेळी दंतकथा बनली’ किंवा ‘लोकांच्या तोंडी बसली’ म्हणा.

फोकलोर फक्त खेडेगावातल्या, निरक्षर माणसांचं असतं ना?

थॉम्सच्या काळी तसंच समजत. ‘फोक’ म्हणजे शेतकरी, खेडूत, शिक्षण न पोहोचलेले. आणि रेल्वे नि शाळा आल्या की त्यांच्या गोष्टी मरणार. आज अभ्यासात ही समजूत मागे पडली आहे. अमेरिकेतले अ‍ॅलन डंडीस यांनी आग्रहाने मांडलं की ज्यांच्यात एखादी तरी गोष्ट समान आहे असा कुठलाही समूह ‘फोक’ होऊ शकतो. ती समान गोष्ट धंदा असेल, भाषा असेल, धर्म असेल, वसतिगृहातला एक मजला असेल. लोकलच्या एकाच डब्यातून रोज जाणाऱ्या बायकांचं फोकलोर असतं. बँकेतल्या कारकुनांचं असतं, सॉफ्टवेअरवाल्यांचं असतं, डॉक्टरांचं असतं. रात्रपाळीला ‘आज शांत आहे’ असं मोठ्याने म्हणायचं नाही, नाहीतर रुग्णांची रीघ लागते, ही रुग्णालयांतली समजूत इंग्लंड-अमेरिकेत चांगलीच माहीत आहे. ती पाळणारे वैद्यक शिकलेले असतात.

गणितातही ‘फोकलोर’ म्हणतात, सगळ्या जाणकारांना ठाऊक असलेल्या पण पहिल्यांदा कुणी सिद्ध केला हे सांगता न येणाऱ्या निष्कर्षाला. गेम थिअरीत, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या निर्णयांच्या गणितात, तर ‘फोक थिअरम’ याच नावाचं प्रमेय आहे.

मग व्हॉट्सअ‍ॅपवरचे फॉरवर्डही फोकलोर?

पुष्कळसे, हो. ‘युनेस्कोने जन गण मन हे जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं’ हा निरोप तुम्हालाही आला असेल. युनेस्को असा काही निवाडा करत नाही. तरी तो निरोप वर्षानुवर्षं, थोडे शब्द बदलून, ‘पुढे पाठवा’ म्हणत फिरतो. सांगणारा अज्ञात, रूपं अनेक, हातोहात प्रवास. अभ्यासकासाठी हे फोकलोर आहे, आणि त्यातून आपल्याला काय ऐकायला हवंसं वाटतं ते कळतं. नागरिक म्हणून मात्र तपासल्याशिवाय पुढे पाठवू नये. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

‘अ फोकलोर’, ‘फोकलोर्स’ बरोबर आहे का?

भारतीय इंग्रजीत दोन्ही सर्रास दिसतं. नेटकं इंग्रजी लिहायचं असेल तर टाळा. ‘फोकलोर’ हे न मोजता येणारं नाम आहे, क्रियापद एकवचनी घ्यायचं. एकच गोष्ट सांगायची असेल तर ‘अ फोकटेल’, ‘अ लेजंड’ किंवा ‘अ पीस ऑफ फोकलोर’ लिहा. अनेक समाजांच्या परंपरा म्हणायच्या असतील तर ‘फोक ट्रॅडिशन्स’ बरं वाचतं. ‘माझ्या आजीने मला एक फोकलोर सांगितलं’ हे वाक्य इंग्रजीत ‘फोकटेल’नेच पुरं होतं.

नेहमीच्या जोड्या पाठ असाव्यात. ‘इन आयरिश फोकलोर’ म्हणजे आयरिश लोकपरंपरेत. ‘अकॉर्डिंग टु लोकल फोकलोर’ किंवा ‘लोकल फोकलोर हॅज इट दॅट’ म्हणजे तिथले लोक सांगतात की. मराठीत यासाठी ‘असं म्हणतात’ हे दोन शब्द पुरतात. ‘फॅमिली फोकलोर’ म्हणजे घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जाणाऱ्या हकिकती, पणजोबा कोकणातून घाटावर कसे आले वगैरे.

लिहिताना एकच शब्द, मध्ये रेघ नको. जुन्या पुस्तकांच्या नावांत रेघ दिसते, कारण थॉम्सनी ती घातली होती.

अभ्यास करणाऱ्याला काय म्हणतात? ‘फोकलोरिक’ कधी वापरायचं?

अभ्यासक तो ‘फोकलोरिस्ट’, शास्त्र ते ‘फोकलोरिस्टिक्स’. ‘फोकलोरिक’ म्हणजे लोकपरंपरेतला किंवा तिच्या धाटणीचा. नृत्यपथकांच्या बाबतीत वापरताना जरा जपून, कारण तिथे त्याला रंगमंचासाठी सजवलेलं, पर्यटकांना दाखवायचं असा वास येतो.

‘फेकलोर’ हा छापायची चूक आहे का?

चूक नाही, मुद्दाम घडवलेला शब्द आहे. रिचर्ड डॉर्सन या अमेरिकन अभ्यासकांनी १९५० मध्ये तो वापरात आणला. लेखकाने घरी बसून रचायचं आणि ‘हे लोकांकडून ऐकलेलं’ म्हणून विकायचं, याची त्यांना चीड होती. त्यांचं लाडकं उदाहरण पॉल बन्यन, हा अमेरिकेतला राक्षसी ताकदीचा लाकूडतोड्या. लाकूडतोड्यांच्या तळांवर त्याच्या काही हकिकती खरोखर सांगितल्या जात होत्या, पण देशभर पोचला तो १९१४ पासून एका लाकूड कंपनीने काढलेल्या जाहिरात-पुस्तिकांमुळे.

डॉर्सनची चीड मला समजते. तरीही जाहिरातीतून आलेली गोष्ट लोकांनी उचलली, आपलीशी केली, बदलली, तर पुढे तिला परकी म्हणता येत नाही. ज्याने गोळा केली नाही त्याने ‘गोळा केली’ म्हणू नये, खोटेपणा तिथे आहे.

मराठीत एकच प्रतिशब्द कुठला घ्यावा?

एकच घेऊ नका. दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर, रा. चिं. ढेरे, प्रभाकर मांडे, तारा भवाळकर यांच्या कामातून मराठीत हा विषय उभा राहिला आणि ‘लोकसाहित्य’ हा शब्द त्यातूनच घरोघरी पोचला. गाणी, ओव्या, कथा, म्हणी यांच्यासाठी तो उत्तम. रीती, विधी, समजुती, वस्तू हे सगळं धरायचं असेल तर ‘लोकसंस्कृती’ किंवा ‘लोकपरंपरा’ घ्या. औषधं, शेती, हवामान यांची जाण असेल तर ‘लोकविद्या’. वृत्तपत्री वाक्यात ‘दंतकथा’, ‘आख्यायिका’, नाहीतर साधं ‘लोक सांगतात’.

महाराष्ट्राशी या शब्दाचा काही थेट संबंध आहे?

आहे, आणि तो सगळ्या बाजूंनी सांगायला हवा. इंग्लंडमध्ये हा विषय वाढत असतानाच मुंबई इलाख्यातले इंग्रज इथल्या गोष्टी टिपत होते. १८६५–६६ च्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर दख्खनच्या दौऱ्यावर निघाले. बरोबर मुलगी मेरी होती आणि तिची आया ॲना लिबेराटा डिसोझा. प्रवासात मेरीने ॲनाबाईंना गोष्टी सांगायला लावल्या, उतरवून घेतल्या आणि १८६८ मध्ये लंडनला ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक निघालं. भारतातल्या तोंडी कथांच्या अगदी सुरुवातीच्या इंग्रजी संग्रहांपैकी हा एक. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे सांगणारीचं स्वतःचं आयुष्यही त्यात एका स्वतंत्र प्रकरणात आहे. ॲनाबाई आपल्या आजीबद्दल बोलतात, जिच्याकडून गोष्टी आल्या. घर चालवण्याच्या ओढाताणीबद्दल बोलतात. गोष्ट कुठल्या तोंडून आली, हे वाचकाला कळतं.

पुढच्या संग्रहांत हे राहिलं नाही. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन हे संस्कृतचे जाणकार आणि इथल्या लोकपरंपरेचे अभ्यासक होते. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्यांना गोळ्या घातल्या, हे शाळेच्या इतिहासात आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं. त्यांनी जमवलेली फोकलोरची सामग्री मागे उरली होती हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. आर. ई. एन्थोवेन या इंग्रज अधिकाऱ्यांनी ती संकलित करून ‘फोकलोर नोट्स’ म्हणून दोन खंडांत प्रसिद्ध केली, गुजरातचा खंड १९१४ मध्ये आणि कोकणचा १९१५ मध्ये. १९२४ मध्ये त्यांचं ‘द फोकलोर ऑफ बॉम्बे’ आलं. कोकणचा खंड उघडला की ग्रामदेवता, भुतांचे प्रकार, पावसासाठीचे उपाय, दृष्ट काढायच्या पद्धती पानोपानी भेटतात, आणि तळटीपांत माहिती देणारा म्हणून अमुक गावचा शाळामास्तर. मास्तरांचं गाव आहे, नाव बहुधा नाही. आणि मास्तरांनी ज्या आजीला, गुरवाला, कोळ्याला विचारलं असेल, त्यांचा तर मागमूस नाही.

हे काम राज्यकर्त्यांनी, राज्य चालवायच्या नजरेनेही केलेलं होतं, ते विसरून ही पुस्तकं वाचू नयेत. ती फेकूनही देऊ नयेत. त्यात नोंदलेलं बरंच आता दुसरीकडे मिळत नाही. त्या मानाने पुण्यातून गी पॉयत्वॅं आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने झालेलं जात्यावरच्या ओव्यांचं काम बघा. एक लाखाहून जास्त ओव्या, आणि शक्य तिथे गाणारीचं नाव आणि गावही. साने गुरुजींनी ओव्या जमवल्या तेव्हा त्यांनाही त्या बायकांच्या जगण्याचं अप्रूप होतं. पण नावानिशी नोंद ठेवण्याची शिस्त आपल्याकडे उशिरा आली.

आंतरराष्ट्रीय कागदपत्रांत हा शब्द कमी का दिसतो?

युनेस्कोच्या १९८९ च्या शिफारशीच्या नावातच ‘फोकलोर’ होता. २००३ च्या कराराच्या वेळी त्याऐवजी ‘अमूर्त सांस्कृतिक वारसा’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग आला. अनेक समाजांना, विशेषतः आदिवासी समाजांना, ‘फोकलोर’मध्ये ‘मागासांच्या जुन्या समजुती’ असा सूर ऐकू येत होता. त्यांचं म्हणणं रास्त आहे. ज्यांची परंपरा आहे ते स्वतः तिला काय म्हणतात ते विचारावं आणि तेच नाव आधी लिहावं. विद्यापीठांत आणि रोजच्या इंग्रजीत मात्र जुना शब्द ठामपणे चालू आहे.

मला घरातली गोष्ट इंग्रजीत लिहून ठेवायची आहे. तिला फोकलोर म्हणू का? काय नोंदवू?

गोष्ट म्हणून सांगितली जात असेल तर ‘फोकटेल’ म्हणा, घराण्यातली हकिकत असेल तर ‘फॅमिली लेजंड’. दोन्ही फोकलोरमध्येच मोडतात.

नोंद करताना सांगणाऱ्या व्यक्तीची परवानगी घ्या आणि तिला चालत असेल तर पूर्ण नाव लिहा. ‘माझी आजी’ एवढंच लिहून थांबू नका. गाव, तालुका, तिने ती कुणाकडून ऐकली, कोणत्या प्रसंगी सांगायची, आणि तुम्ही ऐकली ते साल. बोलीतले शब्द मूळ रूपात, देवनागरीत ठेवा आणि भाषांतर शेजारी द्या. व्याकरण ‘सुधारू’ नका. मोबाइलवर आवाज टिपता आला तर उत्तम, कारण गोष्टीतल्या थांब्यांना आणि हुंकारांना कागदावर जागा नसते. दुसऱ्या कुणी तीच गोष्ट वेगळी सांगितली तर दोन्ही रूपं ठेवा, जुळवून एक करू नका. आणि मधलं एखादं कडवं तिला आठवत नसेल तर ती जागा मोकळी सोडा, स्वतःच्या मनाने भरू नका. पुढे ते कडवं आठवणारी एखादी मावशी निघतेही.